पाण्याचं वजन

मला भरलेल्या पाण्याच्या बाटलीची भीती वाटते. पोलिसांच्या काठीची फारशी वाटत नाही, ती खाऊन झाली आहे. पण कुणी माझ्यासमोर बाटली तोंडाला लावून घटाघट पिऊ लागलं की माझे तळहात गार पडतात. का, ते सरळच सांगते.

मी ग्वाल्हेरची. आमचं घर लष्कर नावाच्या भागात, पाटणकर बाजारापासून हाकेच्या अंतरावर. घरात मराठी आणि जिना उतरला की हिंदी. कॉलेजात मी दोन कामं मन लावून केली, धावले आणि पत्रकं लिहिली. पत्रकं फीवाढीवर लिहिली, बसच्या पासावर लिहिली, पण सगळ्यात जास्त लिहिली ती मैदानावरच्या मुलींच्या संडासावर. त्याला कायम कुलूप. किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून मुली सरावाला येताना पाणीच प्यायच्या नाहीत. मे महिन्यातल्या ग्वाल्हेरात पाणी न पिता धावणं म्हणजे काय, हे कुलूप लावणाऱ्यांनी एकदा स्वतः करून बघावं. 'मुलींना पाणी पिऊ द्या' असं मी पत्रकाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं आणि पडाव भागातल्या हॉटेलांच्या भिंतींवर खळ लावून चिकटवलं होतं. कुलूप तसंच राहिलं. पत्रकांवर मात्र कोचिंग क्लासच्या जाहिराती आल्या.

त्याच मैदानावर मुरारचे एक निवृत्त फौजी शिकवायला यायचे. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही उस्तादच म्हणायचो. त्यांनी एकदा माझी धाव पाहिली आणि विचारलं, "बर्फ पे गाड़ी धकेलेगी?"

मला वाटलं थट्टा करतायत. ती बॉबस्लेड होती. होडीसारखी बंद गाडी, बर्फाच्या वळणावळणाच्या घसरगुंडीवरून खाली सुटते. मुलींच्या गाडीत दोघी असतात. पुढची गाडी वळवते. मागची सुरुवातीला जीव खाऊन ढकलते, पळता पळता आत उडी घेते आणि शेवटी ब्रेक ओढते. ग्वाल्हेरात बर्फ फक्त उसाच्या रसात. म्हणून उस्तादांनी लोखंडी अँगल वेल्ड करून चाकांची गाडी बनवून घेतली होती, आणि ती आम्ही मैदानामागच्या डांबरी रस्त्यावर ढकलायचो. माझी मावशी म्हणाली, "त्यापेक्षा कुल्फीवाल्याची गाडी ढकल. निदान कुल्फी तरी मिळेल."

पण खेळ खरा होता आणि त्यात जागाही खरी होती. थंडीत परदेशात खऱ्या बर्फावर शिबिर होणार होतं. पुढे बसणारी मुलगी ठरलेली होती. मागची जागा एक, आणि तिच्यासाठी मोसमाआधीची शारीरिक चाचणी आमच्याच मैदानावर व्हायची होती. आधी वजन, मग छोटी धाव, जागेवरून लांब उडी, लोखंडी गोळा पुढे फेकणं आणि शेवटी गाडी ढकलणं.

आता वजनाचं. बाकी खेळांत पोरी वजन उतरवतात, इथे चढवतात. गाडी जड असली की उतारावर वेग धरते. निवडणाऱ्यांनी एक आकडा ठरवला होता, पासष्ट किलो. त्याखालची मुलगी कितीही पळो, तिचं नाव पुढे जायचं नाही. हा आकडा कुठे लिहिलेला नव्हता. तो सगळ्यांना तोंडपाठ होता. आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एवढं गणितही सगळ्यांना येत होतं. काट्यावर चढण्याआधी मुली पाणी पिऊन पोट भरायच्या. उस्तादांना माहीत होतं, निवडणाऱ्यांनाही माहीत होतं. काट्याशेजारी पाण्याचे मोठे कॅन काय शोभेला ठेवले होते?

आमच्यात एक मुलगी होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनमधून आलेल्या घराण्यातली, वडील ट्रान्सपोर्टच्या कामात. ती मला ताई म्हणायची. आम्ही दोघी मैदानावर मराठीत बोलायचो, कारण ते बाकीच्यांना कळत नसे. ती माझ्याहून वेगवान होती. हे लिहिताना आजही थोडं टोचतं, पण होती. आणि ती हलकी होती. खाऊन खाऊनही आकड्याच्या तीन किलो खाली. तिची आई सकाळी डाळ भरलेली बेडई पुरी, दुपारी तुपातला शिरा, रात्री दुधात पोळी असं कोंबत होती आणि शेजारणी विचारत होत्या, "लग्नाआधी एवढी का फुगवताय पोरीला?" पोरगी फुगतच नव्हती.

चाचणीचा दिवस सप्टेंबरचा. वारा नाही, नुसती उमस. वजन सकाळी लवकर व्हायचं होतं. मी घरूनच एक बाटली पिऊन आले होते, मला जेमतेम किलोभर कमी पडत होतं. ती माझ्याआधीच येऊन भिंतीशी बसली होती, मांडीवर बाटली.

"किती झालं?" मी विचारलं.

"तीन बाटल्या. चौथी चालू आहे. ताई, सच्ची सांगते, पोटात डबडब आवाज येतो." ती हसली आणि पोट हलवून दाखवलं. खरंच आवाज आला.

"काही खाल्लंस?"

"जागा कुठंय खायला?"

निवडणारे पडावच्या हॉटेलात उतरले होते. ते आले नाहीत. निरोप आला की नाश्ता चालू आहे. पोरी पोटं धरून उभ्या आणि साहेब पराठे खातायत. ऊन चढलं, घाम यायला लागला, आणि घामातून जे जातं ते वजनच. त्यामुळे ती पुन्हा प्यायली. संडासाला कुलूप होतंच. पण त्या दिवशी कुलूप नसतं तरी कुणी गेलं नसतं. गेलं की वजन गेलं. ज्या मैदानावर पाणी प्यायला मिळावं म्हणून मी पत्रकं वाटली, तिथे सगळ्या मुली नळ उघडल्यासारख्या पीत होत्या.

काही वेळानं ती म्हणाली, "डोकं ठणकतंय."

"बास आता. नको पिऊस."

"अजून वजन झालं नाही ना. कमी भरलं तर?" आणि आणखी प्यायली.

मी तिच्या हातातली बाटली घेतली नाही, ती द्यायला तयारच नव्हती. मी तिच्याकडे बघत राहिले. तिची बोटं सुजल्यासारखी दिसत होती, अंगठी मांसात रुतलेली. मग तिला ओकारी आली. नुसतं पाणी पडलं, स्वच्छ. तिनं तोंड पुसलं आणि वाया गेलेल्या पाण्याकडे असं बघितलं की मला रडू यावं. पुन्हा कॅनकडे निघाली. चालताना पाय भलतीकडे पडत होते.

"बस खाली," मी म्हणाले.

"आई, मी शाळेत नाही जाणार," ती मला म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिथे चेष्टा नव्हती. ती मला ओळखत नव्हती.

आणि ती पडली. सरळ बाजूला, हात न टेकता.

आता पुढचं नीट वाचा, कारण ही चूक ग्वाल्हेरचा कुठलाही भला माणूस करेल. आमच्याकडे दर उन्हाळ्यात माणसं रस्त्यात पडतात. लहान पोरालाही माहीत असतं काय करायचं. सावलीत न्यायचं, तोंडावर पाणी मारायचं, पाणी पाजायचं. सगळे धावले. "लू लग गई," कुणीतरी म्हणालं. उस्तादांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडले, "पानी लाओ, ठंडा पानी पिलाओ." नेमके तेव्हाच निवडणारे गाडीतून उतरत होते. तेही म्हणाले, "पानी, पानी." चार बाटल्या पुढे आल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि ती खरी होती.

तिनं डोळे किलकिले केले. तेवढ्यापुरती शुद्ध आली असावी. माझा दुपट्टा धरला आणि मराठीत पुटपुटली, "ताई, सांगू नकोस."

मी पोलिसांसमोर घोषणा दिल्यात. प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटलाय. त्या क्षणी मात्र मी हिशोब करत बसले. सांगायचं म्हणजे निवडणाऱ्यांसमोर सांगायचं की ही वजनासाठी पाणी प्यायली. म्हणजे तिचं नाव गेलं. मीही प्यायले होते, म्हणजे माझंही. मागे उभ्या सगळ्यांचंच. आणि मी डॉक्टर नव्हते. पाण्यानं माणूस मरतो असं मी कुठे ऐकलंही नव्हतं. फक्त तिची सुजलेली बोटं पाहिली होती, ते स्वच्छ पाणी पाहिलं होतं. उस्तादांनी बाटली तिच्या ओठांना लावली.

मी हात मारून ती उडवली.

"पागल है क्या?" उस्ताद.

"पानी मत दो. सुबह से पानी ही पी रही है. वजन के लिए. हम सब ने पिया है."

माझ्या मागे एक मुलगी हलकेच म्हणाली, "मरवा दिया." निवडणाऱ्यांपैकी एकानं घड्याळात बघितलं. हे मी विसरणार नाही.

उस्तादांनी तिला उचललं आणि निवडणाऱ्यांच्याच गाडीत टाकलं, विचारलं नाही. मुरारच्या दवाखान्यापर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत तिचा डावा हात झटके देऊ लागला. मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला, जणू धरला म्हणजे थांबेल. रेल्वेच्या पुलापाशी गाडी अडकली. समोर भाजीचा हातठेला, मागे हॉर्न. मी तिच्या छातीकडे बघत होते. ती वर आली की मी श्वास घ्यायचे.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी एकच विचारलं, "कितना पिया?" मी सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्या धावल्या. एवढ्या पाण्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते, हे त्यांनी मला नंतर समजावलं. जास्त मिठाचं सलाइन लावलं. पाणी बंद. "ऊपर से और पिला देते तो," एवढं म्हणून त्या थांबल्या. मला उरलेलं वाक्य नको होतं.

तिचे आईवडील आले. आईनं हातातल्या पिशवीतून डबा काढला, पुन्हा आत ठेवला, पुन्हा काढला. वडील मला म्हणाले, "तू मोठी होतीस ना तिथे?" मी हो म्हणाले. उस्ताद कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होते. त्यांना मराठी कळत होती, सगळीच्या सगळी. मुरारमध्ये मराठी शेजाऱ्यांतच वाढले होते ते, आणि आम्ही दोघी इतके दिवस त्यांच्या कानाशी बाटल्या मोजत होतो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मैं सोचता था, थोड़ा-बहुत तो सब पीते हैं."

संध्याकाळी तिनं डोळे उघडले. मी समोर गेले. मनात एकच होतं, ही मला काय म्हणून हाक मारणार.

"ताई, वजन झालं का?"

मी बाहेर जाऊन बसले.

चाचणी पुढे ढकलली गेली. निवडणाऱ्यांनी आम्हा दोघींना फसवणूक केली म्हणून काढून टाकायची भाषा केली. मग मी तेच केलं जे मला येतं. त्यांना सांगितलं, कॅन तुमचे, काटा तुमचा, उशीर तुमचा, कुलूप तुमचं. हे सगळं मी छापीन आणि तुमच्या हॉटेलाच्या भिंतीला लावीन. उस्ताद माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ते पुरलं.

नव्या चाचणीच्या सकाळी उस्तादांनी संडासाचं कुलूप फोडलं. किल्ली तेव्हाही सापडली नव्हती. "पहले सब जाओ, फिर काँटा," ते म्हणाले. मुली गेल्या आणि मग एकेक काट्यावर चढल्या. पासष्टला एकही पोहोचली नाही. एकही नाही. इतकी वर्षं तो आकडा पाण्यावर उभा होता.

मग स्टोअरमधून लोखंडी पट्ट्या निघाल्या. हलक्या जोडीच्या गाडीत वजन भरायला पट्ट्या घालायची नियमातच मुभा आहे. फक्त ढकलणारीला ते लोखंडही ढकलावं लागतं, म्हणून निवडणाऱ्यांना जड मुली सोयीच्या वाटत. पट्ट्यांवर गंज चढला होता. त्या आधीपासून तिथेच होत्या.

तिनं पट्ट्या घातलेली गाडी ढकलली. ती वाकली, दांड्याला भिडली, आणि मला पुन्हा तो झटके देणारा हात दिसला. गाडी हलेपर्यंत मी भिंत धरून उभी होते. हलली. ती पळत उडी मारून आत बसली. जागा तिला मिळाली. मी राखीव.

ती परत आली तेव्हा धापा टाकत होती, ओठ कोरडे. "ताई, पाणी दे ना."

बाटली माझ्या हातात होती. मी ती लगेच देऊ शकले नाही. ती बघत राहिली, तिला कळलं, आणि तिनं हात पुढे केलेला तसाच ठेवला.

मी दिली. ती दोन घोट प्यायली आणि बाटली परत केली. मी झाकण लावलं, घट्ट.