वच्छलाने राखलेले दिवस

वच्छला गेली त्याच्या आदल्या दिवशी मी नागपूरच्या दवाखान्यात तिच्या खाटेजवळ बसलो होतो. चार दिवस ती फार बोलली नव्हती. दुपारी डोळे उघडले आणि बायकोनं नवऱ्याला पहिलं काय विचारलं, तर, "लोधीखेड्याच्या लग्नाचं कापड आलं का जी?" मी म्हटलं, "आलं." खोटं बोललो. कापड गांधीबागेच्या बाजारातच पडलं होतं, मी आणायला गेलोच नव्हतो. ती म्हणाली, "मंग भिजत घाला. अजून दिवस हाती आहेत." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. हाती दिवस होते ते लग्नाच्या कामाचे. तिचे नव्हते.

पांढुर्ण्यात आमचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. गादी म्हणजे लोकांना वाटतं, खोळ शिवली, कापूस भरला, झालं. तसं नाही. कापड नागपूरहून येते, ते आधी भिजवून वाळवावं लागते, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते. कापूस पिंजून आणायचा, भरायचा, टाके घालायचे, मग दोन उन्हं दाखवायची. लग्न होऊन वच्छला आली तेव्हा मी "उद्या या" म्हणणारा माणूस होतो. मला वाटे, कामाला चार दिवस लागतात ना, मग चार दिवस आधी सुरू करू. पहिल्याच हंगामात एका मुलीच्या आंदणाच्या गाद्या होत्या. कापड दीड दिवस उशिरा आलं, कापूस ओलसर निघाला, आणि मी गाद्या घेऊन पोचलो तर मुलगी सासरी जायला गाडीत बसलेली. तिचा बाप चारचौघांत म्हणाला, "आता तूच झोप बाप्पा यांच्यावर." घरी येऊन मी कापडवाल्याला शिव्या दिल्या, कापसालाही दिल्या. वच्छला भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कापड उशिरा येते, हे तुम्हाले माहीत होतं का नव्हतं?" माहीत होतं. "मंग ते येईन उशिराच, असंच धरून चाला न."

त्या दिवसापासून तारखा तिच्या ताब्यात गेल्या. ती सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन वर्ग पुढं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी माल द्यायचा त्या घरात ती त्याच कापडाची चिंधी टाचणीनं लावे आणि तिथून मागं मोजत येई. द्यायच्या आधी दोन दिवस कोरे, म्हणजे सुई मोडली, आभाळ आलं, तर ते दिवस खर्चायचे. काम सुरू करायच्या आधी चार दिवस कोरे, ते कापडवाल्याच्या नावाचे. मधलं काम माझं, दोन्ही टोकं तिची. मी हुशारी केली. दोन दिवस राखलेले आहेत हे कळल्यावर मी दोन दिवस उशिरा हात लावू लागलो. तिनं ओळखलं. मग मला एक तारीख सांगे, गिऱ्हाइकाला दुसरी. एकदा सापडली, मी भांडलो, तर म्हणते, "खरी तारीख सांगतली का तुम्ही त्याच दिवशी सुईत धागा ओवता." सौंसरचं एक जुनं गिऱ्हाईक तिला नेहमी चिडवायचं, "वैनी, तुमच्या गाद्या म्हणजे पाहुण्यासारख्या, बोलावल्याच्या आधीच घरात." ती म्हणायची, "भाऊ, उशिरा आलेला पाहुणा उपाशी राह्यते."

पोळ्याच्या पाडव्याचा हिशेब तर इथल्याच माणसाला कळेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीचा एक दिवस सुट्टीचा, हे सगळेच धरतात. वच्छला पुढचे चार दिवसही सोडून देई. टाके घालणारे आमचे दोघंही कारागीर सावरगावचे. त्यांना ती दरवर्षी आधीच म्हणे, "डोकं फोडून या, पण बोटं साबूत आणा." कोणाचा ना कोणाचा हात बांधलेला येईच, आणि ते चार दिवस कामी पडत.

मागच्या पोळ्याला तिनं चारऐवजी सात घरं कोरी ठेवली. मला वाटलं, म्हातारपणी भित्री झाली. त्यातच एका वसतिगृहाचे साहेब आले. चाळीस गाद्या आधीच ठरल्या होत्या, त्यांना त्याच तारखेला आणखी बारा पाहिजे होत्या. वच्छला जामसांवलीला दर्शनाला गेली होती. मी कॅलेंडरकडं पाहिलं आणि हो म्हटलं. संध्याकाळी ती आली.

"घेतल्या?"

"घेतल्या. तीन दिवस तर रिकामेच पडून राह्यले होते."

ती पाय धूत होती. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "रिकामे नव्हते जी..."

एवढंच. मी पुढं विचारलं नाही. मला वाटलं, नेहमीचं कुरकुरणं. गोटमारीत एका कारागिराचा अंगठा फुटला, चार दिवस त्यातच गेले, आणि त्या बारा गाद्यांवर टाके घालायला ती स्वतः बसली. मधूनच पोटाला हात लावून थांबे. "काय होऊन राह्यलं?" म्हटलं, तर म्हणे, "बसून बसून दुखते." माल वेळेवर गेला. साहेब खूश. मी पण खूश.

तेरवी झाल्यावर पाहुणे गेले, मुलगी संगीता भांडी आवरत होती. तिनं सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरकडं तिनं आईचा नंबर लावला होता, त्याच तीन दिवसांतला. आईनं तिला फोन करून सगळं सांगितलं आणि तो रद्द केला, पुढं दसरा, मग रजयांचा हंगाम, दिवाळीनंतर कुठं डॉक्टरकडं गेली. डॉक्टर संगीताला म्हणाले होते, थोडं आधी आणायचं होतं. किती आधी, तिनं विचारलं नाही, मीही विचारणार नाही. मी तिच्यावरच ओरडलो, "मले काहून नाही सांगतलं तुझ्या मायनं?"

संगीता म्हणाली, "सांगतलं होतं न, बाबा. रिकामे नव्हते म्हणून."

लोक समजावतात, दोन महिन्यांनी काय फरक पडला असता. पडला नसता, असं मला कोणी लिहून देत नाही. चाळीस वर्षं जी बाई दुसऱ्याच्या चुकीसाठी दिवस राखत आली, तिनं एकदाच स्वतःसाठी तीन राखले आणि ते मी वाटून टाकले. यात कापडवाल्याचा दोष नाही, कापसाचाही नाही.

मागच्या आठवड्यात एक बाप मुलीच्या लग्नाचं काम घेऊन आला. भला माणूस. कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाला, "काका, हे तीन दिवस मोकळेच दिसून राह्यले. याच्यात बसवा न." मी म्हटलं, "नाही बसत." तो म्हणाला, "काहून, कोणाचं काम आहे का?" मी म्हटलं, "आहे." तो दुसऱ्या दुकानात गेला. ते तीन दिवस आले तेव्हा कारागिरांना मी घरी पाठवलं, मशीनवर चादर टाकली आणि दारात बसून राहिलो. शेजारचा विचारत होता, दुकान बंद काहून? चालूच आहे, म्हटलं. हेच काम आहे.