सावकाश केलंस तर सांडेल

यांचा फोन आला तेव्हा मी ताक घुसळत होते. "ताई गेली गं..." एवढंच म्हणाले. रवी हातात तशीच राहिली, आणि खरं सांगते, पहिला विचार आला तो हा, की आता या ताकाचं काय करायचं? दवाखान्यात वन्संना न्यायचं होतं ते. महिना झाला. आता त्या विचाराचं हसू येतं. वन्संनाही आलंच असतं.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. कोथरूडला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या आणि तिथेच अकरावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायच्या. वर्तुळाकार गतीचा धडा आला, की पितळी कडीचा डबा ताकानं अर्धा भरायचा आणि डोक्यावरून गरागरा फिरवायचा, हा त्यांचा नेम. डबा वर जाऊन उलटा व्हायचा, पण थेंब खाली यायचा नाही. मग तेच ताक वर्गाला प्यायला. एखादा हुशार म्हणायचा, "मॅडम, बाहेर फेकणारं बल असतं ना, म्हणून!" वन्सं चष्म्यावरून बघायच्या. "कोण फेकतंय? नाव सांग त्याचं." मग स्वतःच सांगायच्या, "बाहेर कोणी फेकत नाही, बाळा. आत ओढणारा हात आहे, म्हणून डबा गोल फिरतोय. हात सुटला, की सरळ निघाला!"

वर्ग सुटला तरी त्यांचं शिकवणं सुटत नसे. एकदा स्वारगेटच्या वळणावर बसमध्ये एक गृहस्थ त्यांच्या अंगावर कलंडले. वर म्हणतात, "अहो, बसनं ढकललं!" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "बस वळली. आपण सरळच निघालात. दांडा धरा." मला हसू आवरेना.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला आणि धडा तर तोंडावर आलेला. "डबा फिरणार नसेल तर क्लास बंद," म्हणाल्या, आणि त्या बोलल्या म्हणजे झालंच. क्लास बंद म्हणजे वन्संच बंद! मी मराठीची एम. ए., फिजिक्सच्या नावानं आवळ्याएवढं पूज्य, पण बोलून गेले, "मी फिरवते."

मुलं समोर बसलेली, अंगावर नवी साडी, हातात तो डबा. "वन्सं, सावकाश फिरवू का?"

"सावकाश केलंस तर सांडेल! चाल तीच ठेव आणि घाबरून मध्येच थबकू नकोस."

डोळे मिटून फिरवला. साडी कोरडी! मुलांनी टाळ्या पिटल्या. वन्सं म्हणाल्या, "बरं जमलं." पुण्यात याहून मोठी शाबासकी नसते. क्लास चालू राहिला, अगदी त्या दवाखान्यात जाईपर्यंत.

परवा यंदाची मुलं दारात आली. "काकू, मॅडमचा तो धडा राहिला..." मी वन्संचं दार उघडलं, खुंटीवरचा डबा काढला, ताक ओतलं आणि फिरवला. या खेपेला डोळे उघडे ठेवून. एक मुलगी म्हणाली, "बाहेर फेकणारं बल ना?"

"कोण फेकतंय? नाव सांग त्याचं."

बोलले मीच, आणि दचकलेही मीच. मुलं खळखळून हसली, मग मीही. सगळ्यांनी ताक प्यायलं. मुलं गेल्यावर डबा विसळून पुन्हा खुंटीला अडकवला. कडीवर थोडा वेळ झुलत राहिला... बरं जमलं, वन्सं.