अमीनसाहेबांची खुर्ची

भुजंगराव मूळ घनसावंगीचे. शाळामास्तर म्हणून बदली होऊन भोकरदनला आले, तेव्हा भोकरदनकर त्यांना 'घनसावंगीचे' म्हणत. आणि सुटीत घनसावंगीला गेले की तिथले 'भोकरदनवाले आले' म्हणत. आपण नेमके कुठले, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आपण कवी आहोत, याबद्दल मात्र बिलकुल शंका नव्हती.

१९३५ साली त्यांनी 'संगीत वातापिभोजन' लिहिलं. वातापि राक्षस बोकड होऊन पाहुण्याच्या पोटात जातो, भाऊ इल्वल हाक मारतो आणि तो पोट फाडून बाहेर येतो. अगस्ती ऋषी मात्र त्याला सरळ पचवून टाकतात. गोष्ट पुराणातली, चौदा पदं भुजंगरावांची. ती एकदा भरल्या मांडवात ऐकावीत, एवढीच हौस.

निजामाच्या राज्यात नाटकाला मंजुरी हवी आणि मंजुरीला संहितेची उर्दू नक्कल. ती केली अर्जनवीस केशवरावांनी. जन्मभर अर्ज लिहिलेला माणूस! अगस्तींचे 'हुजूर' झाले, इल्वलाचा 'फिदवी', म्हणजे आज्ञाधारक सेवक. पद आलं की त्यांनी लिहिलं, 'यहाँ गाना है.' असं चौदा वेळा.

राजूरला प्रयोग लागला. पुढच्या खुर्चीत मांडीवर नक्कल घेऊन पोलिसांचे अमीन. इल्वल झालेल्या कचरूनं पहिल्या पदाची ओळ उचलली, तोच अमीन उभे.

"बंद करो! ये नकल में नहीं है."

"आहे की साहेब, 'यहाँ गाना है'!" भुजंगराव विंगेतून ओरडले.

"बराबर. गाना है, लिखा है. कौनसा, ये नहीं लिखा."

असं चौदा वेळा. लोक हसून लोळले; त्यांना वाटलं, अमीन नाटकातलंच पात्र आहे.

भुजंगराव पदांसकट नवी नक्कल करायला निघाले, तर गावचे पंच म्हणाले, "मास्तर, अमीनसाब उठतात म्हणून तर लोक येऊन राह्यले!" बारा वर्षं तीच नक्कल चालली.

मग सत्तेचाळीस साली राज्यात दंगली, पळापळ अशी धामधूम झाली आणि भुजंगराव बायकोला, गोजरबाईंना घेऊन निजामाची हद्द ओलांडून देऊळगावराजाला गेले. तिथं मंजुरी लागत नव्हती, पण नट मागं राहिले होते. शिवाय तिथले लोक त्यांना 'मोगलाईतले', म्हणजे निजामाकडचे, म्हणत.

१९४८ साली निजामाचं राज्य गेलं. दिवाळीनंतर राजूरला पुन्हा प्रयोग. मंजुरी नको, अमीन नको. कचरूनं पहिली ओळ म्हटली आणि थांबला. सगळा मांडव रिकाम्या खुर्चीकडे बघू लागला.

"म्हण की पुढं!" भुजंगराव कुजबुजले.

"पुढचं कोणाला येतंय, मास्तर? बारा वर्षं एकच ओळ म्हणून राह्यलो!"

"अमीनसाब कुठंय? अमीन आणा!" लोकांनी गलका केला.

भुजंगरावांनी हातातल्या वहीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. मग खुर्चीत जाऊन बसले आणि ताडकन उठले. "बंद करो!"

मांडव टाळ्यांनी दणाणला.

परतीच्या गाडीत ते गोंधळून गोजरबाईंना म्हणाले, "टाळ्या कशाला मिळाल्या गं?"

"मला काय कळतंय? पण आता म्हणा ना तुमचं पद. हितं कोण अडवतंय?"

भुजंगरावांनी घसा साफ केला, पहिली ओळ म्हटली, आणि थांबून मागं वळून पाहिलं.