कोपराखालची टोपी

जेवण अंगावर येतं. कौसल्या दुकानातच फळीवर उजवं कोपर टेकवते आणि डोळे मिटते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट केव्हाच झोपलंय, बाकीची कौसल्या मागून येते.

समोर आप्पा बसलेत. मेलेला बाप काय बसतो, पण बसलेत खरे. त्यांनीच तिला सतारीची जवारी काढायला शिकवलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचं हाड कानशीनं असं घासायचं, की तार गुंजली पाहिजे.

"कोपर उचलू नगंस," आप्पा म्हणतात. "हात हलला की जवारी गेली."

"गेला हातच, आप्पा! नस दबलीया कोपरातली. डॉक्टर म्हणतोय, ऑपरेशन करा, न्हाईतर कानस सुटंल."

फळी लांबत जाते. आता ती दवाखान्याचं बाकडं आहे. त्यावर सतारीचे भोपळे ओळीनं नंबर लावून बसलेत. कौसल्येला तेवढ्यातही आठवतं, पोरवयात तिनं कोपराखाली चिंधी घेतली होती. 'गादीनं हात लाडावतो,' म्हणत आप्पांनी ती गल्लीत भिरकावली होती.

कोणीतरी चहा देतं. आप्पा कप दोन्ही हातांनी धरतात. तिनं कायम कोटाच्या खिशातच पाहिलेला उजवा हात आज बाहेर आहे. त्याची शेवटची दोन बोटं आकड्यासारखी वाकलेली. सरळ होतच नाहीत.

"हे कवापासनं?"

"तू शिकाय बसलीस, त्याच्या आधीपासनं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. "ठावं हुतं, तरी मला तसंच बसवलंसा?"

"जवारीवाल्याची बोटं गेली म्हटल्यावर गिऱ्हाईक येतंय व्हय? लाज वाटायची, पोरी."

"लाज तुमची, आणि हात माझा?"

आप्पा मान खाली घालतात. डोक्यावरची टोपी काढतात, वाकड्या बोटांनी कशीबशी घडी घालतात आणि तिच्या कोपराखाली सारतात.

"आत्ता?" ती ओरडते. "आत्ता सुचलं?"

स्वतःच्याच ओरडण्यानं ती जागी होते. दुकानात कोणी नाही. आप्पांची टोपी ते गेल्यापासून खुंटीला होती. खुंटी रिकामी आहे. कोपराखाली काहीतरी आहे. कोपर उचलून ती त्याच हाताच्या करंगळीनं चाचपते. करंगळीला काही कळत नाही. अंगठ्याला कळतं, टोपी आहे, घडी घातलेली.

राग काही उतरत नाही. टोपी पिशवीत कोंबून ती डाव्या हातानं शटर ओढते आणि दवाखान्याची वाट धरते. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी तिची बडबड चाललेली असते, "उशीर केलासा, आप्पा. लई उशीर केलासा."