ओट्यावर भाकरी थापून पाहिली

भजनी मंडळाच्या मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आली आणि लिहिण्यासारखं नेमकं आज दुपारीच घडलं.

आमच्या नव्या घरात उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा होतोय. मल्लप्पा गवंड्यांनी विटांवर कडप्पा नुसता टेकवून ठेवला होता. संध्याकाळी सिमेंटनं पक्का करणार होते. सिद्धेश्वरानंच बुद्धी दिली म्हणायची, मी परात आणि ज्वारीचं पीठ घेऊन गेले आणि तिथंच भाकरी थापायला लागले.

ओटा उंच! खांदे कानाला लागले, हाताचा भार पिठावर पडेना, भाकरी मधे जाडच राहिली. जन्मभर दोन्ही वेळच्या भाकरी अशाच थापायच्या?

हे म्हणाले, "नकाशात एवढीच उंची आहे."

"मग भाकरी नकाशाकडूनच थापून घ्या," मी म्हटलं.

मल्लप्पा हसले. "समद्या बंगल्यांत एवढाच वटा असतोय की, वहिनी."

"तिथल्या बायकांना कुणी विचारलं होतं का?"

मल्लप्पांनी मान हलवली. "न्हाय. साहेबच सांगत्यात."

मग त्यांनी कडप्पा उतरवून विटांचा एक थर काढला आणि तो परत टेकवला. आता भाकरी परातीत गरगर फिरली. माझा जीव भांड्यात पडला. पीठही वाया गेलं नाही, घरी येऊन भाकरी भाजल्या.

ज्यांचे ओटे व्हायचे आहेत त्यांनी परात घेऊन जाच. आणि ज्यांचे झालेत त्यांनी इथं खरं लिहा: खांदे दुखतात ते वयानं, की ओट्यानं?