सतरा नंबरची मान

सतरा नंबरला भलताच ताठा आलाय, अशी बातमी गल्लीत पसरली. मागून कितीही हाका मारा, गडी वळून बघत नाही. शिंपीणबाईंनी तर त्याला लॉटरी लागल्याचंही परस्पर जाहीर करून टाकलं.

लॉटरी कसली डोंबलाची! त्याची मान आखडली होती. बारा वर्षं नाक्यावरच्या मोटारसायकल-टॅक्सीच्या स्टँडवरून सवाऱ्या वाहायच्या. मागे कोणी पोत्यासारखं रेलतंय, कोणी खड्डा आला की गळ्यालाच लोंबकळतंय. शेवटी मान खिळा ठोकल्यासारखी बसली. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने गाडी बंद." पण सतरा आकड्याचं हिरवं जाकीट पंधरा दिवस स्टँडवर दिसलं नाही, की ते नंबरासाठी रांगेत थांबलेल्या पुढच्या माणसाच्या अंगात जातं. जाकीट नाही तर सवारी नाही. दुसरं काम त्याला येत नव्हतं.

मग त्याने गाडीला दोन दांडगे आरसे बसवले, ट्रकला शोभतील असे. घरी कोणी हाक मारली की तो सगळाच वळायचा, कपाट सरकवल्यासारखा. बायको शेक देता देता म्हणायची, "अहो, फोटो काढताना तरी असं सरळ राहायचं होतं!" हसायची. 'जाकीट देऊन टाका' हे मात्र ओठांवर आलं तरी गिळायची.

कोणीतरी स्टँडच्या अध्यक्षाचे कान भरलेच. भर दुपारी, सगळ्यांदेखत, तो गाडीवर बसलेल्या सतराच्या मागे येऊन उभा राहिला.

"सतरा, बोटं किती?"

"तीन. नखं कापा, दादा."

स्टँड खदखदून हसलं. अध्यक्षाने पुढे येऊन दोन्ही आरसे आभाळाकडे फिरवले आणि पुन्हा मागे गेला.

"आता सांग. मान वळवून."

आरशांत नुसते ढग. सतराने जोर लावून पाहिला. डोळ्यांत पाणी आलं, मान तसूभर हलली नाही.

"काढ जाकीट," अध्यक्ष म्हणाला.

सतराचा हात चेनपाशी गेला. क्षणभर वाटलं, काढावं, घरी जाऊन आडवं व्हावं. मग हात खाली आला.

जाकीट अजून त्याच्याच अंगात आहे आणि मानही तशीच आहे. अध्यक्षाने आरसे पुन्हा जागेवर आणले ते सतराच्या एवढ्याच बोलण्याने, तेही समोर बघूनच:

"दादा, बारा वर्षं मागे बसणारा प्रत्येकजण मला 'पुढे बघून चालव' म्हणतोय. मागे बघ म्हणणारे तुम्ही पहिलेच."