पाचट मागायला गेले
आमच्या ऑफिसात उसाच्या वाळलेल्या पाल्याला सगळे ‘ट्रॅश’ म्हणतात. तोडणीनंतर शेतात पडलेला हा पाला आम्ही गोळा करतो, मशीनमध्ये दाबून त्याच्या मनगटाएवढ्या जाड कांड्या करतो आणि सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यांना देतो. बॉयलरमध्ये कोळशाऐवजी त्या जळतात. माझं काम कॉम्प्युटरवरचं. कोणाशी बोलावं लागत नाही, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

त्या दिवशी सर तापाने झोपले आणि वैरागजवळच्या एका शेतावर मला जावं लागलं. तिथले शेतकरी संध्याकाळी पाला पेटवणार होते. त्याआधी तो त्यांच्याकडून मिळवायचा होता, कारण आमच्या मशीनमध्ये घालायला काहीच उरलं नव्हतं. एसटीत मी ‘आपला वाळलेला पाला आम्हाला द्याल का’ हे वाक्य पाठ करत गेले.

बांधावर शेतकरी काका, काकू आणि दोन शेजारी बसले होते. मी तोंड उघडायच्या आत काकाच म्हणाले, “बघा ताई, आमचं पाचट लई हाय. झेपंल का तुमाला?”

मला शाळेपासून पाचट म्हणजे एकच माहीत. मागच्या बाकावरची मुलं मारायची, ते जोक. मी ओढणी सारखी केली आणि जमेल तितक्या थंड आवाजात म्हणाले, “ते तुमच्यातच ठेवा. मला त्यात रस नाही.”

काका गोंधळले. “रस कुठनं आसंल? रस कारखान्याला गेला की.”

कोणीच हसलं नाही. म्हणजे ते खरंच उसाच्या रसाबद्दल बोलत होते. काकांनी खिशातून काडेपेटी काढली. “नको आसंल तर ऱ्हायलं. लावतो काडी.”

“थांबा, मला पाला हवाय. हा.” मी समोरच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

“अगं बाई, त्येलाच पाचट म्हंत्यात,” काकू म्हणाल्या. “तुला काय वाटलं?”

खोटं पटकन सुचेना. “जोक,” मी म्हणाले. “म्हणजे, घाणेरडे.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. “त्ये बी लई हाय ह्यांच्याकडं. त्ये बी घिऊन जा, घर मोकळं हुईल.”

शेजारी बांधावरून घसरायच्या बेतात आले. काका कानापर्यंत लाल. आणि मी, जी वर्गात हसताना तोंडावर वही धरायची, ती त्या पाचटात मटकन बसून हसत होते. पाती हाताला कापत होती, तरी उठवेना.

काकांनी काडेपेटी खिशात टाकली. “उद्या सकाळी गठ्ठे बांधायचं मशीन धाडा. आन ह्ये गावात सांगू नका.”

मी सरांना फोन लावला. “सर, पाचट...” यापुढे शब्दच फुटेना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला.

“दिलं म्हनावं,” त्या सरांना म्हणाल्या. “पोरगी हसतीया. जरा दम खाऊ द्या, मग बोलंल.”